देय नाही

इंदूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळात खिडकी क्रमांक चार.
काचेला भोक एवढंच
की एक पर्ची जाईल, अर्धा आवाज येईल.
आत मी, वासंती खांबेटे, निम्न श्रेणी लिपिक, एकोणीस वर्षं.
कामाचं स्वरूप: नाव, वय, गाव, दहा रुपये.

लिहिलंय एवढंच.
बाकीचं वॉर्डबॉय जिन्यातून ओरडून सांगतो:
'खांबेटे मॅडमला पाठवा, सर्जिकलला एक बाई आलीये,
काय बोलून राहिली कोणाला कळत नाही.'

मी पेनला टोपण लावते आणि जाते.
रांग तशीच उभी, माझ्या नावानं बोटं मोडत.

निमाडी मला दूधवाल्या गेंदालालनं शिकवली,
उधारीच्या वहीसकट.
भिलाली सोरमीबाईनं, रात्रपाळीची सफाईवाली,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर; चहा माझा, शब्द तिचे.
गुजराती लग्नात आली, दाहोदच्या नणंदांकडून,
टोमणे आधी, क्रियापदं नंतर.
मराठी रामबागेतल्या घरची.
हिंदी इथल्या हवेची, ती कोण मोजतं.

गेल्या कार्तिकात सेंधव्याकडून ठगूबाई आली.
पोटावर हात, आणि एकच वाक्य:
'पोट दुखी ऱ्हायनं, माय.'
डॉक्टर नवा, रीव्याचा, सत्तावीस तास जागा.
त्याला ऐकू आलं तेवढं 'दुखी'.
घरी काही झालं का? सून बोलते का?
कधीपासून दुखी आहे?
ती म्हणाली, तीन रोज.
त्यानं लिहिलं: मन उदास.
मानसोपचार, उद्या सकाळी, खोली एकवीस.

मी म्हटलं, डॉक्टरसाब, मन ठीक आहे तिचं.
तिच्या बोलीत 'दुखी ऱ्हायनं' म्हणजे दुखतंय.
उजवीकडे, खाली. दाबा.

त्यानं दाबलं.
ती जे ओरडली
त्याला दुभाषी लागला नाही.

रात्री साडेनऊला अपेंडिक्स निघालं, फुटायच्या बेतात होतं.
केसपेपरवर सर्जनची सही, भूलतज्ज्ञाची, सिस्टरची.
मी तेव्हा खिडकीचा हिशोब जुळवत होते.
चाळीस रुपये कमी भरत होते.
मी उठून गेले त्या वेळातले असणार.
पर्समधून घातले.

मग अर्ज केला.
धुलाई भत्ता आहे आपल्याकडे, गणवेशाचा.
सायकल भत्ता आहे, तो स्कूटरवाले घेतात.
जिभेचं तेवढं राहून गेलं असावं, असं नम्रपणे लिहिलं.

लेखापरीक्षकानं विचारलं, भाषांची प्रमाणपत्रं कुठायत?
भिलालीचं प्रमाणपत्र कोण देतं?
मी सोरमीबाईचं नाव घातलं, खाली तिचा अंगठा.
शेरा आला: साक्षीदार अनर्ह.
विचारलं, रोज सरासरी किती शब्द?
कळवलं, मातृभाषा असल्यास यादीतून वगळावी.
वगळली.
त्या रात्री स्वयंपाकघरात कुणाशी फारसं बोलले नाही.

चौदा महिन्यांनी भोपाळहून उत्तर आलं, इंग्रजीत,
दीड पान, एकच वाक्य.
बडे बाबू चतुर्वेदी चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
'खांबेटे मॅडम, ज़रा समझा दो, क्या लिखा है.'

मी पेनला टोपण लावलं. गेले.
उभ्यानंच सांगितलं:
नियम अमुक, पोटनियम तमुक,
असं काम कुठल्या पदाच्या कर्तव्यसूचीत नाही,
जे सूचीत नाही ते घडलेलं नाही,
सबब भत्ता देय नाही.

'और ये आख़िर में?'

शेवटी एकच शब्द होता, रिग्रेट.
खेद म्हणता आलं असतं; सरकारी पत्रात तोच शोभतो.
म्हटलं, भोपाळ दुखी आहे, बाबूजी.
कुठे दुखतंय
ते लिहिलेलं नाही.